गेटवरची हजेरी

सकाळी साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान वाकडमधल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या गेटवर उभं राहिलं की दोन प्रवाह दिसतात. आत येणाऱ्या बायका काळाखडक, म्हातोबानगर, थेरगाव किंवा गावठाणातल्या भाड्याच्या खोल्यांमधून चालत आलेल्या असतात. बाहेर पडणाऱ्यांना भूमकर चौकातल्या कोंडीत सापडायच्या आत हिंजवडी गाठायची असते. दोघांच्याही हालचालीची नोंद होते. बाहेर पडणाऱ्यांची नोंद कंपनीच्या दारात, गळ्यातल्या कार्डाने. आत येणाऱ्यांची आमच्या दारात, सहा आकडी कोडने.

मी बाहेर पडणाऱ्यांपैकी. हिंजवडीच्या आयटी पार्कात बरीच वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. दुसऱ्याने बनवलेलं सॉफ्टवेअर कुठे चुकेल, कुणाच्या हातात पडलं तर काय होईल, हे आधीच शोधून काढायचं, असं हे काम. 25 मे 2018 पासून युरोपात माहिती-संरक्षणाचा जीडीपीआर हा कडक कायदा लागू झाला, तेव्हापासून माझा बराचसा वेळ तिकडच्या ग्राहकांची माहिती जपण्यात जातो. टेस्टिंगसाठी खऱ्या माणसांची नावं वापरायची नाहीत, जन्मतारखा बदलून टाकायच्या, कुणी ‘माझी माहिती पुसा’ म्हणालं तर ती खरोखर पुसली गेली का हे तपासायचं. दरवर्षी त्याचं प्रशिक्षण होतं, शेवटी परीक्षा असते, ती पास झाल्याशिवाय सुटका नाही. आमच्या सोसायटीतल्या निम्म्याहून अधिक घरांत कुणी ना कुणी अशीच परीक्षा देतं. म्हणून आमच्या गेटवर जे चाललं होतं ते आम्हाला कळत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

ॲप येण्याआधी गेटवर जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर होतं. त्याचं कौतुक करायचं कारण नाही. त्यात प्रत्येकाचं नाव आणि मोबाइल नंबर उघडा असायचा. कुरिअरवाला, गॅसवाला, पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर, कुणीही सह्या करता करता आधीची पानं उलटून बघत असे. पण रजिस्टर भरायचं, कोपऱ्यात पडायचं आणि कधीतरी रद्दीत जायचं. त्याला कुणाचं काही लक्षात राहत नव्हतं.

कोरोनाच्या काळात सगळीकडच्या सोसायट्यांनी घरकामाच्या बायकांना गेटवर अडवलं. नंतर त्यांना परत घेताना कोण कधी आलं-गेलं याची नोंद हवी, असं सगळ्यांना वाटू लागलं. त्या लाटेत आमच्याकडेही ॲप आलं. कंपनीचा माणूस क्लबहाउसमध्ये प्रोजेक्टर लावून सगळं समजावून गेला. मेंटेनन्सची बिलं, पार्किंग, पाहुण्यांचा प्रवेश, क्लबहाउसचं बुकिंग, सगळं एकाच ठिकाणी. त्या यादीत ‘डेली हेल्प’ नावाचा एक भाग होता. त्यावर कुणी प्रश्न विचारला नाही, कारण तो सगळ्यांनाच सोयीचा दिसत होता.

त्या भागाची रचना अशी. कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईचा फोटो, नाव, मोबाइल नंबर आणि आधार कार्डाचा फोटो गेटवरच्या फोनमध्ये घेतला जातो. तिला कोड मिळतो. तो टाकला की ती जिथे जिथे काम करते त्या सगळ्या घरांच्या फोनवर घंटी वाजते, ती आत आली म्हणून. बाहेर पडली की पुन्हा घंटी. महिन्याची हजेरी आपोआप तयार होते. शिवाय प्रत्येक घराला तिला पाचांपैकी चांदण्या देता येतात. नवं घर बाई शोधत असेल तर ॲपवर फोटो, चांदण्या, सध्याची घरं, रिकामी वेळ, सगळं ओळीने मांडलेलं दिसतं. एखाद्या घराने तिला जुनी साडी किंवा दिवाळीचा फराळ दिला, तर पिशवी बाहेर नेण्यासाठी त्या घराने ॲपवरून पास काढायचा. पास नसेल तर पिशवी गेटवर उघडून दाखवायची.

आमच्याकडे येणाऱ्या मावशी लातूर जिल्ह्यातल्या. नवरा बांधकामावर सेंट्रिंगचं काम करतो. धाकटी मुलगी महापालिकेच्या शाळेत आहे, थोरला वाकड फाट्यावर एका गॅरेजमध्ये काम शिकतो. मावशी सहा घरची कामं करतात, त्यातली पाच आमच्याच सोसायटीत. एकदा भांडी आवरून झाल्यावर त्या म्हणाल्या, “ताई, ते गेटवरच्या मोबाइलात माझा फोटू हाय म्हणं, त्याच्याखाली काय काय लिवलंय ते दाखवा की मला.”

मी ॲप उघडून दाखवलं. फोटोत त्या घाबरलेल्या दिसत होत्या, गेटवर घाईत काढलेला फोटो तो. त्याखाली साडेतीन चांदण्या.

“साडेतीनच का म्हून? कुणी दिल्या?”

कुणी दिल्या ते ॲप सांगत नाही, हे मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, “शाळेत मार्क कमी दिले तर पेपर तरी हातात देतेत. हितं पेपरच दाखवत न्हाईत.”

मग म्हणाल्या, “आमच्या टायमाची नोंद ठिवता ते बरंच हाय. पण पगार कोन कोनत्या तारखेला देतंय, ते कुटं लिवलंय का?”

ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. एक घर दर महिन्याला दहा-बारा तारखेपर्यंत पगार लांबवायचं, दुसऱ्या एका घराने मागचा अर्धा महिना बुडवला होता. ॲपच्या दृष्टीने त्या घरांची पाटी कोरी होती. मावशी सात वाजून दहा मिनिटांनी आल्या तर ती दहा मिनिटं मात्र कायमची नोंदली गेली होती. एक शेजारी महिनाअखेर त्या मिनिटांची बेरीज करून पगार कापत असत. ते स्वतः ज्या प्रकल्पावर होते तिथे तासांचा हिशेब भरावा लागे, आणि त्याबद्दल लिफ्टमध्ये भेटलं की न चुकता कुरकुर करत.

2025 च्या जूनअखेर मावशी पेरणीसाठी गावी गेल्या. जाताना त्यांनी सगळ्या घरांना सांगितलं, बदलीवर जाऊबाईला लावून दिलं. परत आल्यावर एका घराने तरीही त्या दिवसांचे पैसे कापले. बदलीच्या बाईचं काम पसंत पडलं नाही, असं कारण. मावशी दारात उभं राहून बोलल्या, आवाज चढला असेल. त्या घराने ॲपमध्ये तक्रारीचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या नाहीत. फोन केला तर त्या गेटबाहेरच होत्या. कोड टाकला की फोनवर लाल पट्टी येत होती. वॉचमन काका ओळखीचे, रोज ‘राम राम’ करणारे, पण त्यांचा नाइलाज होता. लाल पट्टी असताना आत सोडलं तर त्यांच्या एजन्सीला दंड. एका घराशी वाद झाला आणि पाच घरचं काम बंद पडलं, तेही कुणी एक शब्द न विचारता. त्या दिवशी बाकीच्या चार घरांत भांडी पडून राहिली. त्यातल्या दोन घरांनी संध्याकाळपर्यंत दुसरी बाई बघितली. ॲपवर त्याला वेळ लागत नाही.

मी सेक्रेटरींकडे गेले. ते म्हणाले, “मॅडम, मी काहीच केलेलं नाही. सिस्टीमनेच ब्लॉक केलंय.” ते खोटं बोलत नव्हते. आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या लॅपटॉपवर ॲपचं व्यवस्थापनाचं पान उघडलं. सेटिंगच्या लांबलचक यादीत खाली एक ओळ होती: तक्रार आल्यास कमिटीचा निर्णय होईपर्यंत प्रवेश थांबवा. तिच्यापुढे ‘चालू’. ते कमिटीने चालू केलेलं नव्हतं. ॲप आलं तेव्हाच ते चालू होतं, बंद करायला कुणी गेलं नाही. तक्रारीवर निर्णय घ्यायचा तर कमिटीची बैठक हवी, आणि ती महिन्यातून एकदा होते.

आमच्या धंद्यात याला डिफॉल्ट म्हणतात. माणसाने काहीच निवडलं नाही तर सॉफ्टवेअरने काय धरून चालायचं, ते. बहुतेक लोक सेटिंग कधीच बदलत नाहीत, त्यामुळे डिफॉल्ट ठरवणाऱ्याचाच निर्णय शेवटी चालतो, आणि त्याचं नाव कुठेही येत नाही. कुठल्यातरी ऑफिसात कुणीतरी बसून ठरवलं असणार, की तक्रार आली की आधी दार बंद करावं, चौकशी नंतर. उलटही ठरवता आलं असतं. तेवढेच कष्ट, तेवढाच कोड.

टेस्टरच्या नजरेने बघायला लागल्यावर बाकीचंही दिसत गेलं. कुठल्याही सॉफ्टवेअरच्या आराखड्यात सुरुवातीलाच वापरकर्त्यांची यादी असते. या ॲपमध्ये घरमालक वापरकर्ता होता, भाडेकरू होता, वॉचमन होता, कमिटी होती. प्रत्येकाला लॉगिन होतं, प्रत्येकाच्या अडचणीसाठी मदतीचा नंबर होता. मावशी वापरकर्त्या नव्हत्या. त्या नोंद होत्या, पार्किंगमधल्या गाडीची असते तशी. नोंदीला लॉगिन नसतं, त्यामुळे नोंदीला आपल्याबद्दल काय लिहिलंय ते वाचता येत नाही आणि चुकलं असेल तर दुरुस्तही करता येत नाही. खोटी तक्रार आली तर काय, हा टेस्टिंगमधला अगदी पहिल्या इयत्तेचा प्रश्न. तो कुणी विचारलेला दिसत नव्हता, कारण तक्रारीचा त्रास ज्याला होतो तो यादीतच नव्हता.

मग संमतीचं पान बघितलं. ॲपच्या कागदपत्रांनुसार प्रत्येक बाईने आपली माहिती घ्यायला संमती दिलेली होती. अटी इंग्रजीत होत्या. ‘मान्य आहे’ हे बटण गेटवरच्या फोनवर वॉचमननी दाबलं होतं. पडताळणीचा ओटीपी बायकांच्या फोनवर गेला, तो त्यांनी वॉचमनना वाचून दाखवला, की झाली संमती. ओटीपी कुणालाही सांगू नका, असं आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना रोज बजावतो. इथे तो सांगितल्याशिवाय कामावर जायला मिळत नव्हतं.

वॉचमन काकांचीही सुटका नव्हती. रात्री ठरावीक वेळाने इमारतींच्या कोपऱ्यांत चिकटवलेले क्यूआर कोड त्यांनी स्कॅन करत फिरायचं, म्हणजे ते झोपलेले नाहीत याचा पुरावा. बारा तासांची ड्युटी, बसायला प्लॅस्टिकची खुर्ची. स्कॅन चुकलं की एजन्सी पैसे कापणार. कोडला पाऊस कळत नाही, पाणी साचलेल्या कोपऱ्यातलं स्कॅन हुकलं तरी ते हुकलेलंच.

त्याच जुलैत हिंजवडीत वेगळीच धास्ती होती. टीसीएसने जगभरातले सुमारे 2 टक्के, म्हणजे 12 हजारांच्या वर कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. आमच्या भागात घर म्हणजे वीस वर्षांचा हप्ता. संध्याकाळी पार्किंगमध्ये, पोरांच्या बसच्या थांब्यावर, सगळीकडे तीच चर्चा. कुणाच्या कंपनीत काय चाललंय, कुणाला सक्तीने राजीनामा लिहायला लावला, कुणाचं कार्ड सकाळी गेटवर चाललंच नाही. याच चर्चेत एका शेजाऱ्यांनी आपल्या मित्राची हकिकत सांगितली. त्याचा लॅपटॉप एका दुपारी आपोआप बंद झाला, कुणी समोर येऊन बोललं नाही, फक्त मेल आला. “माणसाला सांगायची पण पद्धत नाही का?” असं ते तावातावाने म्हणत होते. त्यांच्याच मजल्यावरच्या घराने मावशींचा कोड बंद पाडला होता. मी ते तिथेच बोलून दाखवलं. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही, मग एक जण म्हणाले, “अहो, पण ते वेगळं.” ते वेगळं कसं, यावर आमची तासभर चर्चा झाली. त्या चर्चेतूनच पुढचं सगळं घडलं.

शेजाऱ्यांची बाजू मी इथे मांडलीच पाहिजे, कारण ती पोकळ नाही. दोघंही नोकरी करतात, घरात लहान मूल आणि म्हातारे आईवडील कामाच्या बाईच्या भरवशावर असतात. कोण आत आलं, कधी बाहेर गेलं, हे कळलं की ऑफिसात जीव टांगणीला लागत नाही. मी स्वतः रात्रपाळी केलेली बाई आहे. 2007 च्या नोव्हेंबरमध्ये बीपीओत काम करणाऱ्या एका तरुणीला कंपनीच्या कॅबचा ड्रायव्हर आणि त्याच्या साथीदाराने पळवून नेलं, बलात्कार करून तिचा खून केला. पुण्याच्या आयटीतल्या कुठल्याही बाईला ते प्रकरण विसरता आलेलं नाही. त्या दोघांना झालेली फाशी दयेच्या अर्जावरच्या आणि अंमलबजावणीच्या दिरंगाईमुळे 2019 साली मुंबई उच्च न्यायालयाने बदलून 35 वर्षांची कैद केली. त्या खुनानंतरच्या वर्षांत कंपन्यांच्या कॅबमध्ये रात्री सुरक्षारक्षक आला, जीपीएस आलं, शेवटी उतरणारी बाई एकटी राहू नये असे नियम आले. कॅब कुठे आहे हे कुणीतरी बघत असतं, याचा मला आधारच वाटला आहे.

पण त्या नोंदीत आणि गेटवरच्या नोंदीत फरक आहे. कॅबची नोंद माझ्या रक्षणासाठी होती. ती कोण बघतं ते मला माहीत होतं, धोक्याचं बटण माझ्या हाताशी होतं, आणि माझ्या नावापुढे ड्रायव्हर चांदण्या लावत नव्हता. गेटवरची नोंद मावशींपासून आमचं रक्षण करण्यासाठी होती. आमच्यापासून मावशींचं रक्षण करणारी एकही ओळ तिच्यात नव्हती.

सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांचं आयुष्य पुण्याच्या पेठेत गेलं. हे सगळं ऐकून त्यांना 1980 चा संप आठवला. आजारपणात खाडे झाले म्हणून एका बाईला कामावरून काढलं, त्यावरून ठिणगी पडली आणि पुण्यातल्या मोलकरणींनी कामं बंद केली. त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, भरपगारी सुट्टी अशा मागण्या घेऊन बायका रस्त्यावर आल्या होत्या. “आम्ही तेव्हा हात मोडेस्तोवर भांडी घासली,” सासूबाई म्हणाल्या, “आणि मग वाड्यातल्या सगळ्याजणींनी मिळून सुट्ट्या ठरवल्या.” त्या संपाला पंचेचाळीस वर्षं झाली. मधल्या काळात राज्यात 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्याखाली 18 ते 60 वयाच्या घरकामगारांची नोंदणी होते, काही योजनांचा लाभ मिळतो. खाड्यावरून काम जाण्याची भीती मात्र तिथेच आहे. 1980 साली एका घरचं काम गेलं तर बाई शेजारच्या वाड्यात विचारायला जाऊ शकत होती. आता शेजारच्या टॉवरला तिच्या चांदण्या आधीच दिसलेल्या असतात.

‘या बायकांना प्रायव्हसीचं काय पडलंय, त्यांना पगाराशी मतलब,’ हे वाक्य त्या दिवसांत मी बऱ्याच जणांकडून ऐकलं. सर्वोच्च न्यायालयात हाच युक्तिवाद झाला होता. खासगीपणा ही वरच्या वर्गाची चैन आहे, गरिबाला आधी भाकरी हवी, असा. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं ठरवलं, त्या निकालात हा युक्तिवाद फेटाळला गेला आहे. फेटाळणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड. त्यांचं घराणं मूळचं खेड तालुक्यातल्या कनेरसरचं, म्हणजे आमच्या चाकणच्या पलीकडचं. त्याच निकालात त्यांनी आणीबाणीच्या काळातला 1976 चा जबलपूर खटल्याचा निवाडाही चुकीचा ठरवला, ज्यावर त्यांच्या वडिलांची सही होती. वडिलांची सही असलेला निवाडा मोडीत निघू शकतो, तर सोसायटीचं सेटिंग का बदलू नये, असं मी सभेत म्हणाले तेव्हा लोक हसले, पण ऐकू लागले.

सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी विषय मांडला. त्याआधी मावशींना विचारलं होतं. त्यांचा कोड मधल्या काळात सुरू झाला होता, पण हातची दोन घरं गेली होती. “माझं नाव घेऊ नका,” एवढंच त्या म्हणाल्या. “बाकी समद्या बायांचं म्हून बोला.” त्यांच्या ओळखीच्या बायांशी मी जिन्यात, लिफ्टपाशी बोलत गेले. त्यांच्या मागण्या माझ्या डोक्यातल्या मागण्यांपेक्षा वेगळ्या निघाल्या. फोटो असण्याला बहुतेकींची हरकत नव्हती. उलट कोड असल्यामुळे वॉचमन नवा असला तरी अडवत नाही, असं दोघी-तिघी म्हणाल्या. मोबाइल नंबर सगळ्या घरांना दिसतो, त्याचा मात्र राग होता. रात्री अपरात्री अनोळखी पुरुषांचे फोन येत, काम विचारायच्या निमित्ताने. दुसरा राग पिशवी उघडण्याचा. पोरांच्या देखत गेटवर पिशवी उपसून दाखवावी लागते, हे जवळजवळ प्रत्येकीने सांगितलं. चांदण्या किती बायांना माहीत होत्या? फारच थोड्या. ज्या गोष्टीने त्यांचा पगार ठरत होता, ती असल्याचंच बहुतेकींना ठाऊक नव्हतं.

सभा लांबली. पाण्याच्या टँकरचा खर्च आणि लिफ्टची दुरुस्ती यावर नेहमीप्रमाणे दोन तास गेले, मग हा विषय आला. आमच्यातल्या एका सुरक्षा-तज्ज्ञ शेजाऱ्यांनी मोठी मदत केली. त्यांनी तत्त्वाची भाषा केली नाही. आपल्याकडे एवढ्या बायकांच्या आधारचे फोटो साठलेत, ते उद्या फुटले तर जबाबदार कोण, एवढंच विचारलं. 2023 च्या ऑगस्टमध्ये झालेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा त्यांनी समजावला. संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणापुरती आणि समजून दिलेली असली पाहिजे. सूचना माणसाला त्याच्या भाषेत वाचायला मिळाली पाहिजे, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांचा पर्याय त्यात आहे. माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे. दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. दंडाचा आकडा ऐकल्यावर खजिनदार सरसावून बसले. या कायद्याचे नियम पुढे नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण दंडाची वाट न बघता आमच्या सभेने बहुतेक गोष्टी त्याच दिवशी मान्य केल्या.

चांदण्या बंद झाल्या. तक्रार आल्याबरोबर कोड बंद व्हायचं सेटिंग काढलं. आता कमिटीतल्या दोघांनी बाईचं म्हणणं ऐकल्याशिवाय प्रवेश थांबवता येत नाही, आणि थांबवला तर कारण मराठीत किंवा हिंदीत लिहून द्यावं लागतं. मोबाइल नंबर फक्त ती ज्या घरी काम करते त्या घरांना दिसतो. हजेरीही तेवढ्यांनाच दिसते, आणि बाईने मागितली तर तिला छापून मिळते. पोलीस पडताळणीसाठी पूर्ण आधार कार्डाऐवजी शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार घेतलं जातं, आणि काम झालं की ॲपमध्ये ठेवलं जात नाही. पिशवी तपासण्याचा नियम रद्द व्हायला मात्र मतदान घ्यावं लागलं. तो थोडक्या मतांनी रद्द झाला.

एक ठराव पडला. पगाराची तारीख ॲपमध्ये नोंदवायची आणि ती बाईला दिसावी, हा. त्यावर सभेत एकदम सगळ्यांना खासगीपणाची आठवण झाली. आम्ही कुणाला कधी किती पैसे देतो हा आमचा खासगी व्यवहार आहे, असं जे म्हणाले, त्यांच्यातले बरेच जण थोड्याच वेळापूर्वी मिनिटांची हजेरी हवीच म्हणून भांडत होते.

माहिती तंत्रज्ञानाच्या नीतीवर कंपन्यांत भाषणं होतात, त्यांत मोठमोठ्या गोष्टी येतात. कृत्रिम बुद्धिमत्ता, पाळत, जगभरच्या नोकऱ्या. ते सगळं खरं आहे. पण नियम कुणासाठी कडक आणि कुणासाठी सैल, हे मला त्या एका सभेत जेवढं स्पष्ट दिसलं तेवढं कुठल्या भाषणात दिसलं नाही. युरोपातल्या अनोळखी ग्राहकाची जन्मतारीख आम्ही जिवापाड जपतो, कारण त्याच्या मागे कायदा आहे, दंड आहे आणि क्लायंट आहे. मावशींच्या मागे यातलं काहीच नव्हतं, म्हणून त्यांची माहिती सगळ्यात आधी, सगळ्यात पूर्ण आणि सगळ्यात सैलपणे गोळा झाली. तंत्र दोन्हीकडे एकच, माणसंही तीच.

आता बाणेर-बालेवाडी, पिंपळे सौदागर, रावेत अशा ठिकाणच्या ओळखीच्या कमिट्या विचारतात, तुम्ही काय केलंत म्हणून. मी त्यांना ॲप बंद करा असं सांगत नाही. करारावर सही करण्याआधी कंपनीच्या माणसाला चार प्रश्न विचारा, असं सांगते. कामाच्या बाईला स्वतःची नोंद बघता येते का? तक्रार आली तर आपोआप काय होतं? ती काम सोडून गेली की तिचा फोटो आणि कागद किती दिवसांत पुसले जातात? आणि पुसल्याचा लेखी दाखला मिळतो का? पहिल्या दोन प्रश्नांना सहसा बरी उत्तरं मिळतात. तिसऱ्याला ‘विचारून सांगतो’ हे उत्तर येतं. चौथ्याचं उत्तर आम्हालाही अजून मिळालेलं नाही. जुने आधारचे फोटो गेटच्या फोनवरून आणि ॲपवरून दिसेनासे झाले आहेत, पण बॅकअपमधून गेले का, याचा दाखला कंपनीकडून यायचा आहे. पडद्यावर न दिसणं म्हणजे पुसलं जाणं नव्हे, हे मला रोजच्या कामातून माहीत आहे, त्यामुळे मी स्मरणपत्रं पाठवत असते.

मावशींना गेलेल्या दोन घरांच्या जागी एक घर मिळालं, शेजारच्या सोसायटीत. तिथे चांदण्या चालू आहेत. त्या सोसायटीच्या कमिटीतल्या बाईंना आमच्या ठरावाची प्रत दिली आहे. आमच्याकडे पगाराच्या तारखेचा ठराव येत्या सप्टेंबरच्या सभेत पुन्हा मांडायचा आहे. गेल्या वेळी सूचक मी आणि अनुमोदक ते सुरक्षा-तज्ज्ञ शेजारी, एवढेच होतो. या वेळी त्याला काम करणाऱ्या बायांच्या सह्यांचं निवेदन जोडायचं ठरलं आहे. मजकूर मराठीत आहे, मावशींनी तो मुलीकडून वाचून घेतला आणि एक दुरुस्ती सुचवली: “पाच तारखेच्या आत असं लिवा. ‘वेळेवर’ लिवलं तर जो तो आपली वेळ सांगतोय.” दुरुस्ती केली आहे.